भंडारदऱ्याच्या पाण्याभोवती स्पर्धा भरवू पाहणाऱ्या आयोजकांस खुले पत्र

सप्रेम नमस्कार वि. वि.

पाऊस ओसरू लागला की भंडारदऱ्याच्या स्पर्धांचे बेत शिजू लागतात. धरणाजवळच्या शेंडी गावाहून निघायचे, जलाशय उजव्या हाताला ठेवून मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत अशी गावे घेत पुन्हा शेंडी गाठायची. रस्त्याने ही फेरी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरची होते, म्हणजे मॅरेथॉनच्या अंतराच्या इतकी जवळ की आयोजकाला मोह झाला नाही तरच नवल. डांबर सोडून बैलगाडीच्या वाटा, बांध आणि काठाकाठाने गेलात तर ती उत्तम ट्रेल होते. स्पर्धा भरवू नका, असे सांगायला हे पत्र लिहीत नाही. ती भरवताना नकाशा कुठून वाचायला सुरुवात करायची, एवढेच सांगायचे आहे.

बहुतेक आराखडे शेंडीपासून सुरू होतात: कमान कुठे, पार्किंग कुठे, पोह्यांचा स्टॉल कुठे. आमचे म्हणणे असे की आराखडा साम्रदपासून सुरू करा. तलावाभोवतीच्या फेरीला मधून वाट नसते. गडावर जाऊन परत येण्याच्या शर्यतीत दमलेला माणूस मागे फिरतो आणि प्रत्येक पावलाला घर जवळ येते. इथे साम्रदजवळ पाय मुरगळला तर पुढे जा नाहीतर मागे फिरा, शेंडी दोन्हीकडून वीसेक किलोमीटर. मध्ये पाणी आहे आणि पलीकडचा काठ हाताला लागेल असा दिसतो. या दिसण्यानेच फसगत होते. अंतर नजरेने मोजलेला धावपटू ‘एवढे तर झालेच’ म्हणत थांबायच्या जागी थांबत नाही.

म्हणून पहिला नियम कट-ऑफचा, म्हणजे ठरल्या वेळेनंतर आलेल्याला थांबवण्याच्या जागेचा. तो साम्रदला ठेवू नका, रतनवाडीला ठेवा. रतनवाडीपर्यंत सरळ रस्ता आहे, अमृतेश्वराच्या देवळाजवळ गाडी उभी राहते, सावली आहे, माणसे आहेत. उशिरा आलेल्याला तिथे थांबवले की तो तासाभरात शेंडीला पोचतो. पुढे सोडलात तर त्याला आणायला गाडीने अर्धी फेरी मारावी लागते आणि तोवर मागचा तसाच दुसरा कुणीतरी बसलेला असतो.

वेळ किती द्यायची, याचा हिशेब अंदाजपंचे करू नका. आंतरराष्ट्रीय ट्रेल रनिंग संघटनेची सोपी रीत आहे: अंतराच्या किलोमीटरांत एकूण चढाचे मीटर भागिले शंभर मिळवायचे. समजा मार्ग ४५ किलोमीटरचा आणि एकूण चढ ९०० मीटरचा भरला, तर मेहनत ५४ किलोमीटरची. ताशी ७ च्या वेगाने चालत-पळत जाणाऱ्याला पावणेआठ तास लागतील. सकाळी ६ ला सोडलात तर तो पावणेदोनला येतो. त्यात पाणपोईवरचा, चपळ नसलेल्या पायांचा आणि दुपारच्या उन्हाचा दीड तास मिळवा. शेवटची वेळ साडेतीनच्या पुढे नेऊ नका. डिसेंबरात सहानंतर थोड्याच वेळात सूर्य मावळतो, डोंगराआड तर त्याआधीच. हरवलेला माणूस शोधायला हातात दोन-अडीच तासांचा उजेड हवा. हा उजेड शोधपथकाचा आहे, धावपटूंना वाढीव वेळ म्हणून वाटून टाकू नका.

अंतर कसे मोजता, तेही पाहा. एका घड्याळाची नोंद म्हणजे मार्गाचे माप नव्हे. झाडीत आणि कड्याखाली जीपीएसची रेघ भरकटते, वळणे कापते किंवा नसलेली वळणे घेते. तीन वेगवेगळ्या यंत्रांनी तीनदा मोजा, डांबरी भाग मोजणीच्या चाकाने मोजा आणि चढासाठी हवेच्या दाबावर चालणारे घड्याळ वापरा. मोजायचे ते ज्या महिन्यात स्पर्धा आहे त्याच महिन्यात. हा मुद्दा काठाच्या मार्गाला जिव्हाळ्याचा आहे. १९२६ साली पूर्ण झालेल्या या धरणाची क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट आहे आणि चांगल्या पावसात ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत भरत येते. मे महिन्यात उघड्या पडलेल्या गाळावरून आखलेली झकास सपाट वाट ऑक्टोबरात कित्येक फूट पाण्याखाली असते. पाणी उतरल्यावरही गाळ वरून वाळलेला दिसतो आणि आतून ओला असतो. पापुद्रा फुटला की पाय पोटरीपर्यंत जातो, बूट आतच राहतो. काठी टोचून पाहा. वीतभर सहज शिरली तर मार्ग वर सरकवा. घाटघरचा वरचा बंधारा तर रोज वरखाली होतो. तिथे २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे, मागणी वाढली की पाणी खाली सोडतात आणि मागणी उतरली की परत वर चढवतात. सकाळी कोरडा असलेला काठ दुपारी तसाच राहील, असे धरून चालू नका.

आता नदी. काही आराखड्यांत फेरी लांबवण्यासाठी धरणाच्या खाली प्रवरेच्या पात्रातून रंधा धबधब्याकडे जाणारा तुकडा जोडलेला असतो. खडकाळ पात्र फोटोत सुरेख दिसते. तिथे माणसे उतरवू नका, कोणत्याही ऋतूत. पावसाळ्यात सांडव्यावरून पाणी सुटते आणि उन्हाळ्यात शेतीचे आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरावीक दिवस धरणातून सोडलेले पाणी. निरभ्र आभाळाखाली पात्र भरते. काठावरची वाट हवी असेल तर जलसंपदा खात्याच्या शाखा कार्यालयाकडून आवर्तनाच्या तारखा लेखी घ्या आणि स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी पुन्हा विचारा.

जलाशयाला येऊन मिळणारे ओढे हे दुसरे प्रकरण. घाटघर-रतनवाडीकडे भर पावसाळ्यात एका दिवसात २०० मिलिमीटरहून जास्त पाऊस होणे नवलाचे नाही, त्यामुळे जुलै-ऑगस्टची स्पर्धा आम्हाला मान्यच नाही. पण ऑक्टोबरातल्या परतीच्या पावसातही ओढा दगा देतो. पाऊस वर डोंगराच्या धारेवर पडतो, ओढ्यावर ऊन असते. प्रत्येक ओलांडणीवर रंगाच्या पट्ट्या मारलेली काठी रोवा आणि एक गावकरी बसवा. तो आपल्यापेक्षा ओढा जास्त ओळखतो. पाणी नितळ असेल आणि नडगीच्या मध्यापर्यंत असेल तर जाऊ द्या. गुडघ्याला लागले आणि ओढ असेल तर मार्ग बंद, रस्त्याच्या मोरीवरून वळसा. काठीवरची पातळी बदलण्याआधी पाण्याचा रंग बदलतो: नितळ पाणी चहासारखे होते, पाठोपाठ पाने आणि काटक्या वाहत येतात. हे दिसताक्षणी थांबवायचे, आयोजकाच्या फोनची वाट पाहायची नाही. असा अधिकार त्या माणसाला आधीच द्या. ओढ्यावरच्या फरशीपुलावरून पाणी वाहत असेल तर ते घोट्याएवढे असले तरी शेवाळावरून पाय सटकतो. दोर बांधलात तर तो धरायला. कुणाच्याही कमरेला दोर बांधू नका. पाय अडकून पडलेला माणूस दोराला ताण बसून पाण्याखाली दाबला जातो.

गाड्यांबद्दल. एक रुग्णवाहिका कमानीजवळ उभी करून भागत नाही. दोन हव्यात, एक रतनवाडीला आणि एक उडदावणे-घाटघरच्या बाजूला, तोंड शेंडीकडे करून. शिवाय थांबलेल्या धावपटूंना आणायला वेगळ्या दोन जीप. दमलेल्यांना रुग्णवाहिकेत बसवून पाठवले आणि दहा मिनिटांनी खरा रुग्ण समोर आला, हा प्रकार टाळण्याजोगा आहे आणि तरी होत राहतो. बोटीची सोय करता आली तर सोन्याहून पिवळे, कारण रतनवाडीच्या काठावरून पाण्यातून जाणे हाच एक जवळचा रस्ता. पण दुपारी वारा सुटला की पाणी हलते, म्हणून बोट हा जादा उपाय समजा आणि जितकी माणसे तितकी लाइफ जॅकेटे आहेत का, हे आदल्या दिवशी स्वतः मोजा.

मोबाइलची रेंज मागच्या बाजूला भरवशाची नाही. वॉकीटॉकी पाण्यावरून समोरासमोर चांगला चालतो, डोंगराआड बसतो. म्हणून निरोप मार्गावरच्या पुढच्या ठाण्याला (पाणी-मदतीच्या थांब्याला) न देता समोरच्या काठाला द्या आणि तिथून पुढे पाठवा. प्रत्येक ठाण्यावर बिब (धावपटूच्या छातीवरची पट्टी) क्रमांक वहीत पेनाने लिहा. वेळ नोंदवणारी चिप असली तरीही लिहा. ‘रतनवाडीतून गेले २१२, साम्रदला पोचले २११, उरलेला क्रमांक अमुक’ हे वाक्य ज्या आयोजकाला दर तासाला बोलता येते, त्याची स्पर्धा आमच्या मते निम्मी पार पडली. उरलेली निम्मी स्वीपरच्या हातात. तो शेवटच्या माणसामागून चालतो, म्हणून तो सगळ्यात हळू नव्हे तर सगळ्यात तयारीचा हवा. एक नव्हे, दोघे. एकाला कुणाजवळ तरी थांबावे लागतेच.

खुणांचे सांगतो. फिती कापडाच्या घ्या, पुढच्या वर्षी चालतात. लाल-केशरी रंग वाळलेल्या पानांत बुडतो आणि काहींना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही. सुकलेल्या गवतावर निळा उठून दिसतो. सरळ वाटेवर शंभर मीटरला एक, डोळ्यांच्या उंचीवर, एकाच बाजूला. वळणाआधी तीन, वळणावर एक, आणि वळण घेतल्यावर वीस-तीस मीटरवर आणखी एक, ‘बरोबर आलास’ असे सांगणारी. ही शेवटचीच फीत हमखास राहून जाते आणि माणसे हमखास तिथेच चुकतात. चुकीच्या फाट्यावर आडवी फक्कीची रेघ मारा, पण दव-पावसाने ती जाते, म्हणून सोबत आडवी फांदीही टाका. गुरे फिती चघळतात, पोरे खेळायला नेतात. पोरांचा दोष नाही, फीत छानच असते. तेव्हा खुणा आदल्या दुपारनंतर लावा आणि पहाटे पहिल्या धावपटूच्या तासभर आधी एकाला पूर्ण मार्गावरून पाठवा. खडकावर ऑइलपेंट नको. किती फिती लावल्या ते लिहून ठेवा आणि स्वीपरने तितक्याच परत आणल्या का ते मोजा.

सुरुवातीच्या गर्दीचे गणितही करा. चारशे माणसे एकदम सोडली आणि दीड किलोमीटरवर वाट एका माणसापुरती झाली, तर चार सेकंदाला एक या दराने सगळे आत शिरायला जवळजवळ सत्तावीस मिनिटे लागतात. मागचे गारठतात, मग वैतागून शेतातून पळतात. कापणीला आलेल्या भातातून पळालेल्या तीस जणांनी तुमचे त्या गावाशी असलेले नाते कायमचे बिघडवले, असे समजा. पन्नास-पन्नासच्या तुकड्या तीन-चार मिनिटांच्या अंतराने सोडा, नाहीतर पहिले तीन किलोमीटर रुंद रस्त्यावर ठेवा.

पाण्याचा हिशेब नेहमी मागच्यांच्या बाजूने करा. तीनशे धावपटू, माणशी अर्धा लिटर, म्हणजे एका ठाण्यावर दीडशे लिटर. ऊन असेल तर दीडपट. पण पुढचे लोक पाणी डोक्यावर ओततात आणि दोनशेव्या क्रमांकानंतर जार रिकामे होतात. ओतायचे पाणी वेगळ्या पिंपात ठेवा, मग पिण्यासाठी वीस लिटरचे बारा जार पुरतात. मार्गावर ग्लास देऊ नका. कागदाचा असो की प्लॅस्टिकचा, वाऱ्याने तो जलाशयात जातो आणि तेच पाणी खाली पिण्यासाठी जाते. घडीचा पेला प्रत्येकाने आणायचा, नसेल तर बिब नाही.

ओआरएसचे २०.५ ग्रॅमचे पाकीट पूर्ण एक लिटरसाठी असते. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खे पाकीट घातले तर मिश्रण दुप्पट दाट होते, पोट ढवळते, उलटी होते आणि आहे तेवढेही पाणी जाते. ठाण्यावर मापाची बादली ठेवा, एका माणसाला फक्त तेच काम द्या. उलट चूकही असते: पाच-सहा तास रमतगमत येणारा धावपटू प्रत्येक ठाण्यावर साधे पाणी ढोसतो. बोटे सुजतात, अंगठी घट्ट होते, डोके दुखते, बोलणे असंबद्ध होते. त्याला ‘पाणी कमी पडले’ म्हणून आणखी पाणी पाजणे धोक्याचे, कारण रक्तातले सोडियम आधीच उतरलेले असते. पाणी थांबवा, डॉक्टरला दाखवा. खायला मीठ लावलेले उकडलेले बटाटे, उकडलेल्या शेंगा, केळी, चिक्की. हे सगळे गावातून मिळते. शेवटचे पिठले-भाकरीचे जेवण बचत गटाकडे सोपवा आणि पैसे त्याच दिवशी द्या.

उष्माघातात क्रम उलटा करू नका: आधी थंड करा, मग न्या. गोंधळलेला, अंग तापलेला, तोल जाणारा धावपटू दिसला तर आतले तापमान चाळिशीपार गेलेले असू शकते आणि शेंडीपर्यंतच्या वळणावळणाच्या प्रवासात ते तसेच राहील. ताडपत्री घ्या, चौघांनी चार कोपरे उचलून तिची झोळी करा, त्यात माणूस, पाणी आणि बर्फ, आणि पाणी हलवत राहा. यासाठी रतनवाडी आणि घाटघरला बर्फाच्या दोन-दोन पेट्या आणि शंभर लिटर पाणी राखीव हवे. खर्च पदकांच्या डब्यापेक्षा कमी येतो.

थंडीचे नाव काढले की इथे लोक हसतात. २२ मे २०२१ ला चीनच्या गान्सू प्रांतात पीत नदीकाठच्या १०० किलोमीटरच्या स्पर्धेत १७२ जण निघाले होते. डोंगरावर वारा, गारपीट आणि थंड पाऊस आला आणि २१ जण दगावले. वारारोधक जॅकेट तिथे सक्तीचे नव्हते. घाटघरच्या कड्यावर बर्फ पडत नाही, पण घामाने भिजलेला, दमलेला माणूस कोकणातून वर येणाऱ्या वाऱ्यात आणि पावसाच्या सरीत बसला तर पंधरा-अठरा अंशांतही गारठतो. चेन ओढता न येणे, शब्द जड होणे ही पहिली लक्षणे. कुडकुडणे थांबले म्हणजे बरे वाटले, असे नव्हे; ते बिघडल्याचे लक्षण आहे. सक्तीच्या सामानात पातळ जॅकेट, चंदेरी आपत्कालीन चादर, शिट्टी, दिवा आणि दीड लिटर पाणी लिहा आणि पाण्यासकट ते साम्रदला पुन्हा तपासा. सुरुवातीला दाखवून मग मित्राच्या गाडीत ठेवणारे बरेच असतात.

बुटांवर फार लिहीत नाही. तळाची नक्षी चार-पाच मिलिमीटरची असावी. ओल्या काळ्या कातळावर मात्र कोणतीच नक्षी चालत नाही, तिथे चालायचे. अशा कातळाआधी ‘चाला’ अशी पाटी लावा.

साप आणि मधमाशा यांच्यासाठी डॉक्टरशी आधी बोला. भाताच्या कापलेल्या खाचरांत घोणस असते. चावल्यास आवळपट्टी नाही, चिरा नाही. पाय फळीला बांधून हलू न देता थेट न्यायचे. कुठे न्यायचे, तिथे त्या दिवशी प्रतिसर्पविष आहे का, हे आठवडाभर आधी स्वतः जाऊन विचारा. कड्यांवर आग्या मोहोळे असतात. त्या टप्प्यात धूर, फटाके, ड्रोन काही नको. ठाण्यावर दंशाच्या तीव्र ॲलर्जीवरचे ॲड्रेनॅलिन आणि ते देणारा डॉक्टर हवा.

राहिली तारीख. मेअखेर आणि जूनचा पूर्वार्ध काजव्यांचा. त्या पंधरवड्यात रस्त्यावर गाड्यांची रांग असते, आणि काजवे आपला जोडीदार उजेडाच्या खुणेने शोधतात; तीनशे हेडलॅम्प त्या जंगलातून नेणारी ‘नाइट रन’ ही कल्पनाच वाईट आहे. हा परिसर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे, त्यामुळे वनखात्याची परवानगी ही औपचारिकता नव्हे. आधी तिचा अर्ज, मग ग्रामपंचायती, मग पोस्टर. क्रम उलटा झाला की अधिकाऱ्यावर दबाव आणण्याची वेळ येते आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या आयोजकालाही दार बंद होते. नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळ योग्य. भात निघालेले असते, ओढे उतरलेले असतात, दक्षिण काठावर सकाळी डोंगराची सावली असते.

नोंदणी उघडण्याआधी एक काम करा. एखाद्या रविवारी दुपारी बारा वाजता शेंडीहून जीप सोडा, साम्रदच्या पलीकडे वाटेवर पडून राहिलेल्या एका माणसापर्यंत ती पोचायला लावा, त्याला झोळीतून रस्त्यावर आणा आणि तुम्ही ठरवलेल्या रुग्णालयाच्या दारात उतरवा. घड्याळ लावून ठेवा. जो वेळ येईल तो नोंदणीच्या पानावर सगळ्यात वर, शुल्काच्याही वर छापा.

आपले,
मार्ग आखणारे, खुणा लावणारे आणि शेवटच्या धावपटूमागून चालणारे स्वयंसेवक